सेवियातला वसंत: दोघांच्या निवांत सहलीसाठी पायरीपायरीने

सेविया म्हणजे नकाशावर आपण सेविल म्हणून वाचतो ते, दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या राजधानीचं शहर. मी आणि नवरा तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा वसंतात. पहिल्या खेपेला आठ दिवसांत चार शहरं होती आणि सेवियाच्या वाट्याला दीड दिवस आला, तोही ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, टॅक्सी हॉटेलपासून खूप अलीकडेच थांबली, आणि आम्ही दोन मोठ्या बॅगा दगडी गल्ल्यांमधून गर्दीत ओढत नेल्या. हॉटेलचा दर नेहमीच्या कितीतरी पट होता, हे नंतर कळलं. दुसऱ्या खेपेला फक्त सेविया, पाच रात्री. लग्नानंतर इतके शांत दिवस आम्हाला क्वचितच मिळाले असतील. दोन सहलींमध्ये जो फरक पडला, तो नेमका कशाने पडला ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: दिवसाला वेळ ठरलेली एकच गोष्ट. एक तिकीट किंवा एक कार्यक्रम. बाकीचा दिवस मोकळा.

1. आधी ईस्टर कधी आहे ते बघा, मग रजा टाका

सेवियाचा वसंत दोन मोठ्या उत्सवांभोवती फिरतो आणि दोन्हींच्या तारखा दरवर्षी हलतात. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे ‘सेमाना सान्ता’, पवित्र आठवडा. साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘फेरिया दे आब्रिल’, एप्रिलची जत्रा. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, 2028 मध्ये 16 एप्रिलला. या दोन काळांत राहण्याचे दर चढतात आणि मोक्याच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात.

मग उत्सव टाळायचा का? निवांतपणा हवा असेल तर हो. पण तो आठवडा काय असतो हे माहीत असू द्या. साठेक धार्मिक मंडळं आपापल्या चर्चमधून येशू आणि मेरीच्या मूर्तींचे अवजड चौथरे घेऊन कॅथेड्रलपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपर्यंत जातात आणि परत येतात. चौथऱ्याखाली माणसं मानेवर भार घेऊन चालतात, बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसतात. एखाद्या बाल्कनीतून कुणीतरी मूर्तीला उद्देशून एकट्याने गाऊ लागतं आणि सगळी गल्ली गप्प होते. पालखी पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. टोकदार टोप्या आणि झाकलेले चेहरे बघून बिचकू नका, तो प्रायश्चित्ताचा जुना वेश आहे. मेणबत्त्यांचं मेण रस्त्यावर इतकं सांडतं की पुढचे काही दिवस गाड्यांची चाकं आणि बुटांचे तळवे करकरत राहतात. हे बघायलाच जायचं असेल तर ठरवून जा, सहा-आठ महिने आधी खोली घ्या आणि बाकी काही बघायचा आग्रह सोडा.

फेरियाची गोष्ट वेगळी. 1847 मध्ये गुरांचा बाजार म्हणून ती सुरू झाली. आज नदीपलीकडे हजाराहून जास्त तंबू लागतात, बायका झालरींचे झगे घालतात आणि रात्रभर नाच चालतो. पण बहुतेक तंबू खासगी असतात, ओळखीशिवाय आत जाता येत नाही. सगळ्यांसाठी खुले तंबू थोडे आणि गच्च भरलेले. हे आधी माहीत नसेल तर हिरमोड होतो.

माझी शिफारस: ईस्टर उशिरा असेल तर मार्चचा मधला पंधरवडा, लवकर असेल तर दोन उत्सवांमधला काळ किंवा मेची सुरुवात. मार्चमध्ये दुपारचं तापमान 20–22 अंशांच्या आसपास असतं, एप्रिलमध्ये 24, मेमध्ये 27–28, आणि मेमध्ये एखादा दिवस 35 लाही टेकतो. सकाळ-रात्री 10–12 अंशांपर्यंत उतरतं, म्हणून स्वेटर हवाच. मार्च-एप्रिलमध्ये पावसाची सर येऊ शकते, घडीची छत्री ठेवा.

मार्चचं खरं कारण मात्र हवेतला वास आहे. रस्त्यांच्या कडेला कडू संत्र्यांची हजारो झाडं आहेत आणि फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ती फुलतात. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवा, खोली भरून जाते. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. संस्कृत नारंग पर्शियन आणि अरबीतून तिथवर पोहोचला, म्हणजे आपलं नारिंग आणि ते नारांखा एकाच झाडाची फांदी. (झाडावरची संत्री मात्र खाऊ नका. अतिशय कडू असतात, त्यांचा मुरंबाच होतो.)

2. व्हिसा: दोघांची दोन स्वतंत्र फाइल

स्पेन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या लोकांना मुंबई जवळची. अर्ज अधिकृत व्हिसा केंद्रामार्फत जातो. प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी तो करता येतो. तुम्ही तीन महिने आधी करा. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि बोटांचे ठसे देण्यासाठीची वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. शुल्क प्रौढांना 90 युरो, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क.

प्रत्येकाच्या फाइलमध्ये हे हवं:

- पासपोर्ट: गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे अलीकडचे फोटो
- प्रवास विमा: किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन क्षेत्रात चालणारा
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा
- नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं
- विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र
- कुठे, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने, हे सांगणारं एक पानी पत्र

शेवटून दुसऱ्या ओळीवर जोर देते. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि खर्च दोघांच्या सामाईक खात्यातून होता. लग्नाचा कागद नसेल तर अशी दोन माणसं एकमेकांची कोण, हे फाइल वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. दोघांपैकी एकच कमावत असेल तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये खर्चाची हमी देणारं पत्र आणि कमावणाऱ्याची आर्थिक कागदपत्रं पुन्हा जोडा. ‘त्यांच्या फाइलमध्ये आहे’ असं म्हणून भागत नाही.

आणखी दोन खड्डे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम जमा करू नका. आणि विमा, विमान, हॉटेल या तिन्हींच्या तारखा कागद समोर ठेवून जुळवा. विमानात जाणारी रात्र विम्यात धरायची राहून जाते.

ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर प्रवेशाची नोंद संगणकीय होऊ लागली आहे. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेतात (ठसे व्हिसाच्या वेळी दिलेलेच असतात), त्यामुळे रांगेत वेळ धरा.

3. पोहोचण्याचा मार्ग

मुंबईहून सेवियाला थेट विमान नाही. एक तर युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून सेवियाच्या विमानतळावर उतरा, किंवा माद्रिदला उतरून आतोचा स्थानकातून वेगवान रेल्वेने जा. हा रेल्वेमार्ग स्पेनचा पहिला वेगवान मार्ग, 1992 च्या सेवियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेला. साधारण अडीच तासांत सान्ता हुस्ता स्थानक येतं. वाटेत मैलोन्‌मैल ऑलिव्हच्या बागा. मला हा मार्ग जास्त आवडला.

सापळा एवढाच की विमान आणि रेल्वे ही दोन वेगळी तिकिटं असतात. विमान उशिरा आलं तर रेल्वे थांबत नाही. उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान चार तास ठेवा. स्थानकावर बॅगा यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. आपल्यासारखं धावत चढता येत नाही. तिकीट जितकं लवकर, तितकं स्वस्त.

सेवियाच्या विमानतळावरून ‘ईए’ नावाची बस शहरात येते. दोघांकडे सामान असेल तर टॅक्सी घ्या, तिचे दर ठरलेले असतात.

4. कोणत्या भागात राहावं

कॅथेड्रलजवळचा सान्ता क्रूस हा जुना ज्यू मोहल्ला दिसायला सगळ्यात देखणा, पण गल्ल्या इतक्या अरुंद की बऱ्याच दारांपर्यंत गाडी जात नाही. दिवसभर पर्यटकांची वर्दळ असते ती वेगळीच. आलामेदा दे एर्कुलेसच्या चौकात रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. आम्हाला नदीपलीकडचा त्रियाना भाग मानवला. तिथे शाळेतून येणारी मुलं, भाजी घेणाऱ्या आज्या, कोपऱ्यावरचा कॉफीवाला असं रोजचं आयुष्य आहे, आणि पुलावरून कॅथेड्रलपर्यंत चालत वीस मिनिटं.

खोली घेताना ‘आतल्या चौकाकडे उघडणारी खिडकी’ मागा, झोप शांत लागते. खासगी फ्लॅट घेत असाल तर जाहिरातीत पर्यटन नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्टची आणि पत्त्याची माहिती मागतात, ती कायद्याने द्यावी लागते.

5. घरूनच काढायची तिकिटं

तीनच: आल्कासार, कॅथेड्रल आणि फ्लामेंको, म्हणजे तिथलं गाणं, गिटार आणि नाच.

आल्कासार हा राजवाडा आजही स्पेनच्या राजघराण्याच्या वापरात आहे. तिकिटावर नाव आणि वेळ असते, मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. वसंतात ही तिकिटं आधी संपतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि काही आठवडे आधी घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. गुड फ्रायडेला राजवाडा बंद असतो. कॅथेड्रलच्या तिकिटात हिराल्दा मनोरा येतोच, शिवाय एल साल्वादोर हे चर्चही. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, दुपारनंतरची वेळ घ्या.

फ्लामेंकोसाठी जेवणासकटचा मोठा कार्यक्रम घेऊ नका. लहान खोलीत, ध्वनिवर्धकाशिवाय, तासाभराचा घ्या.

6. शहराच्या घड्याळाला शरण जा

निवांत सहल बिघडते ती बहुधा इथे. आपण आठला तयार होऊन निघतो, बाराला भूक लागते, सातला जेवायला जातो, आणि प्रत्येक वेळी दार बंद मिळतं.

तिथे नाश्ता नऊ-दहाला. जेवण दोन ते चार. मग बरीच छोटी दुकानं पाच-साडेपाचपर्यंत बंद आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरंही. रात्रीचं जेवण साडेआठनंतर, खरं तर नऊला. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि एप्रिलअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस लांब आहे. सकाळी एक गोष्ट बघा, सावकाश जेवा, खोलीवर येऊन झोपा, सहाला पुन्हा बाहेर पडा. दुपारची झोप आपल्यालाही अपरिचित नाही, फक्त सहलीला गेल्यावर ती घेताना अपराधी वाटतं. ते वाटू देऊ नका. रविवारी मोठी दुकानंही बरीचशी बंद असतात, पाणी-फळं शनिवारीच आणून ठेवा.

7. शाकाहारी असाल तर हे पाठ करा

‘सोय वेखेतारियाना’ हे बाईने म्हणायचं, पुरुषाने ‘वेखेतारियानो’. पण एवढ्याने भागत नाही. बऱ्याच ठिकाणी शाकाहारी म्हणजे ‘मोठा मांसाचा तुकडा नाही’ इतकाच अर्थ घेतला जातो, आणि हॅमचे बारीक तुकडे मसाल्यासारखे वरून पडतात. म्हणून पुढे जोडा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’. मांस नको, मासे नको, हॅम नको. ‘वेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा टूना मासा आणि अंडं असतं, त्या नावाला भुलू नका.

काय खावं? ‘एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस’ म्हणजे पालक आणि काबुली चणे, जिरं-लसणाचं, ही सेवियाची स्वतःची भाजी. पहिला घास घेतला आणि नवऱ्याने आईची आठवण काढली. ‘साल्मोरेखो’ हे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं गार दाट सार. वर अंडं आणि हॅम असतं, ते नको म्हणून सांगा. ‘बेरेन्खेनास कॉन मिएल’ म्हणजे वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाड ‘तोर्तिया’. नाश्त्याला भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल: ‘तोस्तादा कॉन तोमाते’. ईस्टरच्या दिवसांत ‘तोरिखास’ मिळतात, पाव भिजवून तळलेला आणि मधात घोळलेला. त्यात अंडं असतं.

पदार्थ तीन मापांत मिळतात: ‘तापा’ लहान, ‘मेदिया’ मधला, ‘रासिओन’ मोठा. दोघांनी चार तापा मागवाव्यात, मग लागेल तसं. काउंटरपाशी उभं राहून खाणं बाहेरच्या टेबलापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बिल मागितल्याशिवाय येत नाही, ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणा. टीप सक्तीची नाही.

8. पाच दिवस, पाच गोष्टी

पहिला दिवस नदीकाठचा. ग्वादाल्किविरच्या काठाने सोनेरी बुरूज, तोर्रे देल ओरो, या तेराव्या शतकातल्या टेहळणी बुरुजापासून त्रियानाच्या पुलापर्यंत चाला. बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्कासार. ख्रिश्चन राजा पहिला पेद्रो याने 1364 च्या सुमारास मुस्लिम कारागिरांकडून यातला मुख्य महाल बांधून घेतला. भिंतीभर अरबी लिपी आणि तिच्यात ख्रिश्चन राजाची स्तुती. खोल्या दीड तासात होतात, पण बागेला दोन तास द्या. मोरांचे आवाज, कारंजी, संत्र्यांची सावली. आम्ही एका टाइलच्या बाकावर बसून राहिलो आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

बाहेर आलात की समोर ‘आर्खिवो दे इंदियास’. प्रवेश विनामूल्य, म्हणून लोक पटकन पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याची कागदपत्रं 1785 पासून इथे ठेवली आहेत. 1494 चा तोर्देसियासचा करारही याच संग्रहात जपला आहे. त्या कराराने समुद्र स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात वाटला गेला, पूर्वेकडचा रस्ता पोर्तुगिजांकडे राहिला आणि सोळा वर्षांत ते गोव्यात होते. अमेरिकेचा स्पॅनिश व्यापार तेव्हा याच शहरातून चाले. मिरची, बटाटा, टोमॅटो हे त्या नव्या जगाचंच देणं. आपल्या मिसळीची अर्धी सामग्री तिकडून आलेली आहे.

तिसऱ्या दिवशी त्रियाना: सकाळी बाजार, मग मातीकामाची आणि टाइलची दुकानं, रात्री फ्लामेंको. स्पेनमधल्या ज्या रोमा समाजाने ही कला घडवली, त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून निघाले होते. त्यांच्या बोलीत पाण्याला आजही ‘पान्यी’ म्हणतात. बऱ्याच प्रकारांत ताल 12 मात्रांचा, पण जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर, त्यामुळे एकताल कानात असलेल्या माणसाची सम चुकते. म्हणून टाळ्या वाजवून साथ देऊ नका, टाळी हे तिथे वाद्य आहे. फोनही खाली ठेवा.

चौथ्या दिवशी कॅथेड्रल. हिराल्दा हा मूळचा बाराव्या शतकातला मशिदीचा मनोरा. वर जायला पायऱ्यांऐवजी 35 उतार आहेत, घोड्यावरून चढता यावं म्हणून. गुडघे दुखणाऱ्यांनाही हळूहळू जमतं, पायऱ्या फक्त अगदी शेवटी आहेत. खाली कोलंबसची कबर आहे. संध्याकाळी मारिया लुईसा बाग आणि प्लासा दे एस्पान्या. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या या अर्धवर्तुळात प्रांतांचे टाइलचे कोनाडे आहेत आणि कालव्यात वल्ह्याची होडी भाड्याने मिळते. उन्हं उतरल्यावर जा.

पाचवा दिवस कोरा ठेवा. फारच वाटलं तर रेल्वेने पाऊण तासावर कोर्दोबा, जिथे मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरांचे फुलांनी भरलेले चौक पाहायला उघडतात. ग्रनाडा एका दिवसात करू नका.

9. पैसे, फोन आणि सावधगिरी

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. दोघांची कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवा. आपली दोन गोल पिनांची प्लग तिथे बहुधा बसते, तीन पिनांची बसत नाही. अडचणीत 112.

कॅथेड्रलजवळ कुणी रोजमेरीची काडी हातात देऊ लागलं तर घेऊ नका, घेतली की पैसे मागतात. ‘नो, ग्रासियास’ म्हणून चालत राहा. बाहेरच्या टेबलावर फोन ठेवू नका. बूट पायात रुळलेले, सपाट तळव्याचे घाला, रस्ते दगडी आहेत.

10. निघताना

घरी न्यायला ‘तोर्तास दे आसेइते’ घ्या: ऑलिव्ह तेल आणि बडीशेपेच्या पातळ खुसखुशीत पोळ्या, बॅगेत टिकतात. टाइल घेतली असेल तर स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. खरेदी करतानाच दुकानात पासपोर्ट दाखवून करपरतीचा फॉर्म मागा. स्पेनमध्ये त्यासाठी किमान रकमेची अट नाही. युरोपातून बाहेर पडता त्या विमानतळावर तो पक्का करायचा असतो. विमानतळ स्पेनमधला असेल तर ‘दीवा’ नावाचं यंत्र शोधा, आणि मोठी बॅग काउंटरवर देण्याआधी हे काम उरका, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो.